गावाची माया, सरकारचं देणं

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्याचं दक्षिणेकडचं टोक एका बाजूने अटलांटिक महासागराला आणि दुसऱ्या बाजूने डेलावेअरच्या उपसागराला भिडतं. त्या टोकावर केप मे हे छोटं शहर आहे. 2020च्या जनगणनेत त्याची कायम वस्ती 2,768 भरली. लाकडी नक्षीकामाच्या जुन्या व्हिक्टोरियन घरांमुळे 1976 मध्ये शहराला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, आणि उन्हाळ्यात इथे पर्यटकांची रीघ लागते. याच शहराच्या पूर्वेला, बंदराच्या तोंडाशी, अमेरिकी तटरक्षक दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. 1948 पासून इथे नवे जवान घडवले जातात. कॅलिफोर्नियातल्या अलामेडा इथलं केंद्र 1982 मध्ये बंद झालं आणि पुढची चार दशकं जवानांच्या प्राथमिक प्रशिक्षणाचा सगळा भार केप मेवर राहिला. एवढ्याशा गावात देशाचं एवढं मोठं काम चालत असेल, तर गावाने तळासाठी काय करावं आणि सरकारने दोघांसाठी काय करावं, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. गावाची आपुलकी हा अशा तळाचा खरा आधार असतो. पण त्या आपुलकीवर विसंबून सरकारने आपलं देणं थकवलं, तर तो आधारच खचतो. या किनाऱ्याचा इतिहास हे दोन वेळा सांगतो.

आधी आपुलकीचं पाहू. अठरा-वीस वर्षांची मुलं-मुली देशभरातून इथे येतात. केस कापले जातात, मोबाइल काढून घेतला जातो, घरच्यांशी बोलणं पत्रापुरतं उरतं. साधारण आठ आठवड्यांत पोहणं, आग विझवणं, दोरखंडाच्या गाठी, शस्त्र हाताळणं आणि मुख्य म्हणजे हुकूम ऐकून तत्क्षणी हालचाल करणं त्यांच्या अंगवळणी पाडलं जातं. या काळात त्यांना गाव दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. अपवाद असतो थँक्सगिव्हिंग आणि नाताळ या सणांचा. 1981 पासून ‘ऑपरेशन फायरसाइड’ नावाचा उपक्रम चालतो. परिसरातली कुटुंबं सणाच्या दिवशी या मुलांना आपल्या घरी नेतात. कडक इस्त्रीच्या गणवेशातली मुलं अनोळखी घरात जातात, पोटभर जेवतात, आईवडिलांना फोन करतात, सोफ्यावर टेकून टीव्ही बघतात आणि संध्याकाळी तळावर परततात. वरवर पाहता हा पाहुणचार आहे. पण ज्याचं पुढचं आयुष्य अनोळखी माणसांना बुडताना वाचवण्यात जाणार आहे, त्याला अनोळखी माणसांनी घरचं मानून जेवू घालणं हेही प्रशिक्षणच आहे. आपण कोणासाठी समुद्रात उतरणार, हे त्या ताटावर जितकं कळतं तितकं कवायतीच्या मैदानावर कळणं कठीण.

या नात्याची मुळं फार जुनी आहेत, कारण समुद्रातून माणसं वाचवण्याची अमेरिकेतली सरकारी व्यवस्था याच न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर जन्मली. वादळात गलबतं वाळूच्या दांड्यांवर आपटायची आणि किनारा हाकेच्या अंतरावर असताना माणसं बुडायची. न्यू जर्सीचे लोकप्रतिनिधी विल्यम न्यूएल यांच्या प्रयत्नाने 1848 मध्ये संसदेने दहा हजार डॉलर मंजूर केले. त्या पैशातून किनाऱ्यावर ठिकठिकाणी लाटांत चालणाऱ्या होड्या, दोर आणि इतर साहित्य ठेवण्यात आलं. चालवणारे मात्र स्थानिक लोक, तेही बिनपगारी. त्यांच्या धैर्यात काही कमी नव्हतं. कमी होती ती देखभाल, सराव आणि जबाबदार माणूस. साहित्य खराब होत गेलं. एप्रिल 1854 मध्ये ‘पोव्हॅटन’ हे स्थलांतरितांचं जहाज याच राज्याच्या किनाऱ्याजवळ फुटलं आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. 1871 मध्ये समनर किंबल यांच्याकडे कारभार आल्यावर पगारी पथकं, नियमित सराव आणि तपासणी सुरू झाली. पथकांतली माणसं बहुतेक त्याच किनाऱ्यावरची होती. बदलली ती व्यवस्था, आणि त्या व्यवस्थेमुळे त्यांच्या हिमतीला फळ आलं. 1915 मध्ये ही जीवरक्षक सेवा जकात खात्याच्या गस्ती जहाजांच्या सेवेत विलीन होऊन आजचं तटरक्षक दल तयार झालं.

दुसरा धडा ताजा आहे. आपलं, म्हणजे भारताचं, तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाखाली येतं. अमेरिकेचं मात्र शांततेच्या काळात अंतर्गत सुरक्षा विभागाखाली असतं, आणि हा फरक कागदावरचा नाही. 22 डिसेंबर 2018 पासून 35 दिवस अमेरिकी सरकारचा काही भाग निधीअभावी ठप्प झाला. सैन्य, नौदल, हवाई दल यांची तरतूद आधीच मंजूर असल्याने त्यांचे पगार झाले. तटरक्षक दलाच्या चाळीस हजारांहून अधिक जवानांचा 15 जानेवारीचा पगार मात्र आला नाही. गस्त चालू होती, बचावकार्य चालू होतं, प्रशिक्षण चालू होतं. केप मे परिसरातल्या लोकांनी जवानांच्या कुटुंबांसाठी धान्य, जेवण आणि तान्ह्या मुलांचे डायपर गोळा केले. ते कौतुकास्पद होतंच. पण लाटांत होडी घालणाऱ्या माणसाला मुलाच्या डायपरसाठी रांगेत उभं राहावं लागणं ही देशासाठी लाजिरवाणी गोष्ट होती. 1854 मध्ये किनाऱ्यावरच्या लोकांच्या हिमतीवर सरकार विसंबलं होतं, 2019 मध्ये त्यांच्या दानतीवर. चूक तीच.

यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की तळामुळे गावाचं भलंच होतं. दीक्षान्त संचलनाला जवानांचे आईवडील येतात, पर्यटक नसलेल्या हिवाळ्यातही हॉटेलं चालतात, मग गावाने थोडं केलं तर बिघडलं कुठे? फायदा होतो हे खरं आहे. पण जो फायद्याचा हिशेब मांडतो त्याने खर्चाचाही मांडावा. तळाच्या जमिनीवर गावाला मालमत्ता कर मिळत नाही, आणि तळाचा किनारा सर्वांना खुला नाही. शिवाय घरी मुलांना जेवायला बोलावणारा व्यवहार म्हणून बोलावत नाही. त्याच्या मायेला भाड्याची पावती समजणं अन्यायाचं आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्या 35 दिवसांत इतर लाखो सरकारी कर्मचारीही बिनपगारी होते, मग जवानांचंच दुःख वेगळं का? दुःख वेगळं नाही, बंधन वेगळं आहे. इतर कर्मचारी नोकरी सोडू शकतो. गणवेशातला जवान करार संपेपर्यंत सोडू शकत नाही, कामावर आला नाही तर शिक्षेला पात्र ठरतो. ज्याला जाण्याची मोकळीक नाही, त्याचा पगार थांबवण्याची मोकळीक सरकारलाही असू नये.

जबाबदारी लेखी ठरली की काय होतं, याचं उदाहरण तिथल्या वाळूतच सापडतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंदराचं तोंड उघडं राहावं म्हणून सरकारने समुद्रात दगडी बांध घातले. उत्तरेकडून वाहत येणारी वाळू त्यांना अडली आणि खालच्या बाजूचा, म्हणजे तळाचा आणि शहराचा, किनारा झिजत गेला. 1991 पासून एका प्रकल्पाखाली तिथे ठरावीक काळाने वाळू टाकली जाते आणि खर्चाचा मोठा वाटा केंद्र सरकार उचलतं. इथे वर्गणी काढावी लागली नाही. नुकसान कोणामुळे झालं हे मान्य झालं, वाटा ठरला, काम सुरू झालं.

हा हिशेब आपल्या किनाऱ्यालाही लागू आहे. आपल्या तटरक्षक दलाचा कायदा 1978चा. रत्नागिरी, मुरूड-जंजिरा, डहाणू इथे या दलाची ठाणी आहेत, आणि 26 नोव्हेंबर 2008च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर कोळी बांधवांना समुद्रावरचे डोळे आणि कान म्हणण्याची रीत पडली. हा मान त्यांना शोभतोच. मात्र डोळे आणि कान म्हटलं की त्यांच्या होडीतलं संपर्काचं साहित्य चालू स्थितीत आहे ना, इशारा वेळेवर पोचतो ना, गस्तीपायी बुडालेला दिवस भरून निघतो ना, हे बघणं सरकारकडे येतं. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर 1848च्या निधीतून ठेवलेल्या होड्या चांगल्याच होत्या. त्यांना वंगण घालायचं कोणी, एवढंच ठरवायचं राहिलं होतं.