आटणीतून वाचलेला रुपया

लक्ष्मीपूजनाच्या पाटावर मांडलेल्या बंद्या रुपयावर १९१८ किंवा १९१९ हे साल असेल, तर त्यातली चांदी एके काळी अमेरिकी डॉलर असण्याची बरीच शक्यता आहे. ही दंतकथा नाही.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून ताग, कापूस, धान्य, कातडी जहाजे भरभरून जात होती आणि शेतकऱ्याला त्याचे दाम हातात वाजवून घेता येईल अशा चांदीत हवे होते. सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट काढून पाहिली. पण कागदावर खेड्याचा भरवसा बसेना. लोक नोटा घेऊन खजिन्यावर जात आणि रुपये मागत. आलेला रुपया गाडग्यात जाई, गाडगे जमिनीत. १९१८ च्या सुरुवातीच्या महिन्यांत सरकारचा चांदीचा साठा तळाला लागला. तेव्हा अमेरिकेने २३ एप्रिल १९१८ रोजी पिटमन कायदा केला, आपले २७ कोटींवर चांदीचे डॉलर आटवले आणि त्यातली बहुतेक चांदी औंसाला एक डॉलर या भावाने ब्रिटनला दिली, हिंदुस्थानात रुपये पाडण्यासाठी. अमेरिकेचा हा डॉलर, ज्याला मॉर्गन डॉलर म्हणतात, २६.७३ ग्रॅमचा, नव्वद टक्के चांदीचा. आपला रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. हिशेब केला तर एका डॉलरच्या चांदीत आपले सव्वादोन रुपये निघतात.

या आटणीचा एक परिणाम अमेरिकेतले संग्राहक अजून भोगत आहेत. कोणत्या सालचे किती डॉलर मुशीत गेले, याची नोंदच कोणी ठेवली नाही. त्यामुळे अमुक साली इतके लाख डॉलर पाडले, हा टांकसाळीचा आकडा दुर्मिळता सांगायला पुरेसा नाही. किती पाडले यापेक्षा किती उरले, हा खरा प्रश्न. जुन्या नाण्याच्या किमतीचे अर्धे गणित इथेच सुटते, आणि ते आपल्याकडच्या रुपयालाही तसेच लागू आहे.

आपल्याकडचेच उदाहरण घ्यायचे तर मोताळा तालुक्यातले धामणगाव बढे हे कापसाच्या पट्ट्यातले, खानदेशाच्या बाजूचे गाव. या भागातल्या जुन्या घरांत नाण्यांची सरमिसळ का सापडावी, ते नकाशा पाहिला की कळते. तापीकाठच्या बुऱ्हाणपूरला मोगलांची टांकसाळ होती, पूर्वेला एलिचपूरलाही रुपये पाडले जात. निजामाचा वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि मग कलदार रुपयाने जुन्या फारसी अक्षरांच्या नाण्यांना हळूहळू बाजूला सारले. त्यातच १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस बंद झाला आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचे दिवस आले. खामगावची कापूसपेठ त्यात फुगली. १८७० मध्ये तर जलंबहून खामगावला खास रेल्वेफाटा आला. कापूस रेल्वेने मुंबईला गेला, राणीछाप रुपया उलट्या वाटेने गावात आला.

आज तोच रुपया पुन्हा खामगावला जातो, पण मोड म्हणून. खामगावची चांदी महाराष्ट्रात नावाजलेली आहे. तिथल्या ताटवाट्या आणि समया घराघरांत आहेत. सराफाच्या काट्यावर सगळे रुपये सारखे असतात आणि सराफाचे त्यात काही चुकत नाही, कारण तो चांदी विकत घेतो, इतिहास नव्हे. पाहायचे ते आपणच, आणि काट्यावर ठेवण्याआधी.

पाहायचे म्हणजे काय? आधी साल. व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८६२ साल फार दिसते, कारण तेच साल १८७४ पर्यंत बदललेच नाही. मागच्या बाजूचे बारीक ठिपके मोजून त्यातले प्रकार लावतात. ते काम नादिष्टांचे. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया मात्र कोणीही ओळखावा. राजाच्या झग्यावरच्या पदकात हत्ती आहे, पण त्याची सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना तो डुक्कर वाटला. बोभाटा झाला, सुमारे ९४ लाख पाडलेल्यांपैकी ७ लाखांच्या आसपासच बाहेर पडले, बाकीचे आटवले गेले. १९१२ पासून हत्तीला नीट सोंड आली. त्याहून दुर्मिळ १९३९ चा. म्हणूनच १९३८ मधल्या शेवटच्या आठाला कोरून नऊ करणारे कारागीरही निपजले. भिंगाखाली त्या आकड्याभोवतीची जमीन खरवडलेली दिसते.

मग टांकसाळ. पंचम जॉर्जच्या रुपयावर मागे खालच्या कमळाशी बारीक ठिपका असेल तर तो मुंबईचा, नसेल तर कलकत्त्याचा. एकाच सालात एका टांकसाळीचा रुपया शेकड्याने मिळतो आणि दुसरीचा शोधून सापडत नाही, असे होते. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच आहे, आणि नकलेला आळा घालण्यासाठी त्याच्या कडेच्या कंगोऱ्यांमध्ये खाच आली. १९४७ चा रुपया निकेलचा. तो चुंबकाला चिकटतो. आजीच्या डब्यात हे तिन्ही एकत्र असतात आणि वाटणी करताना भाऊ नग मोजून घेतात, हे मी पाहिलेले आहे.

खरी अडचण प्रतवारीची. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तांब्याच्या जुन्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी बसवली. कल्पना अशी की ७० गुणांचे नाणे १ गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचे. भावांनी ते गणित केव्हाच मोडले, पण आकडे टिकले. १९८६-८७ पासून तिथल्या कंपन्या नाणे तपासून, गुण देऊन प्लॅस्टिकच्या डबीत बंद करू लागल्या, आणि आपल्याकडचे महाग रुपयेही आता त्या डब्यांतून येतात. साध्या रुपयाला डबीचा खर्च परवडत नाही. तिथे आपले डोळेच कामाला लावायचे. व्हिक्टोरियाच्या कानामागचे केस, जॉर्जच्या मिशीची टोके आणि झग्यावरचा हत्ती हे उंचवटे आधी झिजतात. ते धारदार असतील आणि नाणे तिरपे धरल्यावर त्यावरून चाकासारखी फिरणारी झळाळी दिसत असेल, तर ते फारसे वापरात आलेले नाही.

ही झळाळी आपण दिवाळीत स्वतःच मारतो. चिंच, लिंबू, रांगोळी, नाहीतर दात घासायची पावडर! घासलेला रुपया पूजेत छान दिसतो, पण संग्राहक तो हातात घेऊन लगेच खाली ठेवतो. शंभर वर्षांत चढलेला काळसर-निळा रंग हुबेहूब खोटा आणणे सोपे नाही, म्हणून त्याला मान. माळेत ओवण्यासाठी भोक पाडलेला किंवा कडी डागलेला रुपयाही नाणे म्हणून बाद. बंजारा बायकांच्या अंगावरची रुपयांची माळ मात्र दागिना म्हणून अखंडच पाहावी.

टांकसाळीच्या चुकांविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहेत. चकतीवर ठसा मध्यभागी न बसता सरकला, चकतीच कडेला कापलेली आली, किंवा आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले आणि पुढच्या नाण्यावर त्याचीच उलटी, खोलगट छाप उठली, या खऱ्या चुका. शेवटचा प्रकार, ज्याला ब्रॉकेज म्हणतात, फारच देखणा: एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूलाही राजाच, पण आरशातला. चूक जितकी ठळक आणि ज्या नाण्यावर ती घडली ते जितके मोठे, तितका भाव. हातोडीने चेपलेले, पान्ह्यात दाबलेले, आम्लात झिजवलेले नाणे ही टांकसाळीची चूक नव्हे, ते नुकसान. कसोटी एकच: ही खोड टांकसाळीच्या आत होऊ शकते का? सरकलेल्या ठशाच्या नाण्यावर ठशाबाहेरचा भाग कोरा, सपाट राहतो; चेपलेल्या नाण्यावर छापच पसरलेली दिसते.

वैष्णोदेवीचे पाच रुपयांचे २०१२ चे नाणे लाखाला घेतो म्हणणारे फोनवाले या शास्त्राच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. ते आधी नोंदणीचे शुल्क मागतात, तेवढाच त्यांचा धंदा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितले की जुन्या नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही आणि त्यासाठी शुल्क घेण्याचा अधिकारही कोणाला दिलेला नाही. धनत्रयोदशीला सराफाकडे मिळणारे कोरे करकरीत राणीछाप शिक्केही जुने नसतात. ती चांदी असते, रुपया नव्हे. बोटाच्या टोकावर तोलून वाजवले तर जुना रुपया लांबवर खणखणतो आणि ओतीव नक्कल बद्द वाजते. शंका राहिलीच तर ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा ती बहुधा मिटवतो.

गाडगे शेतात किंवा पडक्या भिंतीत सापडले तर मात्र प्रकरण वेगळे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. कळवणाऱ्याचा हक्क कायदा मान्य करतो, लपवणाऱ्याचा जातो. शंभर वर्षांवरचे नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, तेव्हा परदेशातल्या भाच्याच्या हाती ते पाठवता येत नाही. मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा ठेवा सापडला, तो अभ्यासकांपर्यंत पोहोचला आणि वा. वि. मिराशींनी त्यावरची नावे वाचली. पुराणांतल्या यादीतही नसलेले सातवाहन राजे त्या नाण्यांमुळे कळले.