खाजणाचा बांध कोणाचा?



शेती हा आमचा विषय नव्हे. आमचे आयुष्य गोव्यात, बार्जींवरच्या खलाशांची संघटना बांधण्यात गेले. शिक्षण जेमतेम शाळेपुरते. बाकीचे धक्क्यावर आणि सार्वजनिक वाचनालयात मिळविले. वीसेक वर्षांपूर्वी एक वृद्ध शेतकरी आमच्या कचेरीत आला नि म्हणाला, "भाई, तुमची माणसं बार्जी जोरात हाकतात. लाटांनी आमचा बांध खचतो. बांध गेला की भात गेलं." आम्ही त्याला मालकाकडे जावयास सांगितले. तो म्हणाला, "मालक सुकाणूवर नसतो." या उत्तराने आम्हांस खाजणाचा अभ्यास करावयास लावले.

खाजण म्हणजे काय? मांडवी, जुवारी या नद्यांत भरतीचे खारे पाणी उन्हाळ्यात कित्येक कोस आत शिरते. काठची सखल दलदल पूर्वजांनी बांध घालून अडविली व तीत भात पिकविले. गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर आहे असे सांगतात. ती भरतीच्या पातळीहून खाली असते. बांध उभा आहे तोवर शेत. बांध फुटला की नदी.

बांध चिकणमातीचा, जांभ्या दगडाचा. बाहेरच्या अंगाला खारफुटी असेल तर लाटेचा पहिला मार ती सोसते. बांधात जागोजाग लाकडी झडपांचे दार असते, त्याला मानस म्हणतात. भरती चढली की नदीच्या दाबाने झडप आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने ती उघडते आणि शेतातले पाणी नदीत जाते.

आता यात मासळी कोठे येते? येथेच पूर्वजांचे शहाणपण दिसते. त्यांनी जमिनीची वाटणी न करता वर्षाची वाटणी केली. जूनच्या सरी मातीतले मीठ धुऊन काढतात, मग कोरगुटासारखे खार सोसणारे भात लावतात. पावसाळाभर मानशीतून खारे पाणी आत येऊ द्यावयाचे नाही. कापणी झाली की भरती बेताने आत घ्यावयाची. तिच्याबरोबर कोळंबीची आणि माशांची पिल्ले येतात. उथळ, संथ पाण्यात, कुजणाऱ्या धसकटांवर ती पोसतात. ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळे लावले की मासळी हाती येते.

पुराचेही असेच आहे. डोंगरावरून पावसाचे पाणी उतरते तेव्हा नदीत भरती असली तर त्याला वाट नसते. ते काही तास खाजणात थांबते नि ओहोटीबरोबर जाते. खाजणात भराव टाकून घरे बांधली तर तेच पाणी वस्तीत थांबेल, एवढे समजावयास इंजिनियर लागत नाही.

मग बिघडले कोठे? पूर्वी गावकरीची व्यवस्था होती. पोर्तुगीजांनी १५२६ सालच्या सनदेत ती नोंदविली. बांधाची देखरेख गावाची, मासळीचा लिलावही गावाचा. १९६४ साली कूळकायदा आला. कुळास हक्क मिळाला हे न्यायाचेच झाले. त्यावर टीका करणाऱ्यांत आम्ही नाही. परंतु बांधाची जबाबदारी जुन्या संस्थेकडून कुळांच्या संघांकडे गेली, आणि पुष्कळ ठिकाणी संघ कागदावरच राहिले. हक्क वाटला गेला, कर्तव्य बेवारशी राहिले.

त्यात मासळीचा भाव चढला. लिलाव घेणाऱ्याला मानस अधिक दिवस उघडी हवी. शेतकऱ्याला ती वेळेवर मिटलेली हवी. काही ठिकाणी फुटलेला बांध मुद्दाम तसाच ठेवला जातो. एकदा खार शिरला की तो धुऊन निघावयास दोन-तीन पावसाळे लागतात. तोवर कूळ शेती सोडतो, आत खारफुटी उगवते, आणि मग कायद्याने तीही तोडता येत नाही.

आणि आमची बार्ज? लोहखनिजाने भरलेल्या, हजार-दोन हजार टनांच्या बार्जी काठाजवळून वेगाने गेल्या की बांधाचा पाया उघडा पडतो. आमच्या खलाशांना फेऱ्यांवर भत्ता होता. वेग कमी म्हणजे घरातला पैसा कमी. आम्ही सभेत बांधाजवळ सावकाश चालवा म्हटले, तेव्हा आमच्याच सभासदांनी आम्हांस विचारले, "तुम्ही कोणाचे पुढारी?" प्रश्न रास्त होता. उपदेश करण्यापूर्वी भत्त्याचा हिशेब बदलून घ्यावयास हवा होता. ते आम्हांस उशिरा सुचले. पुढे २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या. बार्जी धक्क्याला लागल्या, खलाशी घरी बसले. कित्येकांच्या घरी खाजणाचे एखादे शेत होते. ते परत कसू म्हणाले, तो बांध फुटलेला!

तात्पर्य काय? मानस केव्हा उघडावी हे एकट्या लिलावदाराने ठरवू नये. शेतकरी, मासेमार आणि गाव यांनी एकत्र बसून पंचांगासारखे ठरवावे. मासळीच्या उत्पन्नातला वाटा आधी बांधाला जावा, मग इतरांना. बांधाजवळ बोटींना वेगाची मर्यादा असावी, आणि तीपायी मजुराची मजुरी कापली जाऊ नये.

भात, मासळी नि गाव ही तिन्ही एकाच मातीच्या भिंतीआड राहतात. त्या वृद्धास आम्ही मालकाकडे पाठविले होते. आज तो आला असता तर आम्ही त्याला खुर्ची दिली असती, आणि खलाशांच्या सभेत पहिले भाषण त्यालाच करावयास सांगितले असते.