प्रकल्प रहिमतपूरचा, वाक्ये कुणाची?

सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरवर प्रकल्प लिहायचा तर विषयांना तोटा नाही. कमंडलू नदी आहे, आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाच्या नावाशी जोडलेली मशीद आणि मकबरा आहे, शिवाय नाटककार वसंत कानेटकरांचे हे जन्मगाव. घोडे अडते ते लिहिताना. त्याला कारण काही पक्के बसलेले गैरसमज.

एक भाषेचा. 'सदर वास्तूचे अवलोकन केले असता असे निदर्शनास येते की' अशी सुरुवात केली की लेखन अभ्यासपूर्ण होते, असे मुलांना वाटते; काही शिक्षकांनाही वाटते. वास्तू कुठे आहे, कोणत्या काळातली आणि हे कशावरून म्हणता, एवढे सरळ मराठीत आले की पुरे.

'पुस्तक जुने आहे, हक्क संपलेत, मग उतरवले तर काय बिघडले?' हा त्याहून घातक. सातारा जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर 1885 चे. त्यात रहिमतपूरची नोंद आहे आणि स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच संपली आहे. पण मुदत संपली म्हणजे ते छापायला कुणाची परवानगी लागत नाही, इतकेच. मजकूर तुमचा होत नाही. त्याचे भाषांतर केले, चार शब्द इकडेतिकडे फिरवले, तरी माहिती गॅझेटियरचीच राहते आणि संदर्भ द्यावाच लागतो. शब्द जसेच्या तसे घेतले, तर अवतरणचिन्हेही हवीत.

'10 टक्क्यांपर्यंत चोरी चालते' हे महाविद्यालयात हमखास ऐकू येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, हे खरे. प्रबंधात 60 टक्क्यांहून अधिक साम्य निघाले, तर नोंदणीच रद्द होते. पण संगणक मोजतो ते शब्दांचे साम्य. दुसऱ्याची कल्पना वेगळ्या शब्दांत स्वतःच्या नावावर खपवली, तर टक्का शून्य येईल आणि चोरी चोरीच राहील.

छापलेले सगळे पुरावा ठरते, असेही नाही. कानेटकरांचे 'रायगडाला जेव्हा जाग येते' हे नाटक 1962 चे. मराठी रंगभूमीवर लिहिताना तो अस्सल पुरावा. शिवाजी महाराज आणि संभाजीराजे प्रत्यक्षात काय बोलले, यासाठी मात्र त्याचा आधार घेता येत नाही. शिवाय छापलेल्या नोंदी एकमेकींशी जुळतातच असेही नाही. कानेटकरांच्या जन्माचे सालच पाहा: कुठे 1920 मिळते, कुठे 1922. अशा वेळी सोयीचे साल उचलून दुसरे गाळू नका. दोन्ही द्या, कोणते कुठे मिळाले ते लिहा.

गावातल्या जाणत्यांकडून ऐकलेली माहितीही चालते. त्यांची परवानगी घ्या. नाव, ठिकाण, तारीख नोंदवा.

आणि टिपण काढतानाच लेखक, पुस्तक, वर्ष, पान लिहून ठेवा. प्रकल्प जमा करायच्या आदल्या रात्री पान क्रमांक सापडत नाही.