दिसते ती धूळ, न दिसते ती

घुग्घुस-चंद्रपूरकडे दोरीवरच्या कपड्यांवर काळी भुकटी बसते आणि तक्रार तिचीच होते. ही जाड धूळ बरीचशी नाकाघशातच अडते. हृदयाला नडते ती २.५ मायक्रॉनहून बारीक, केसाच्या जाडीच्या जेमतेम तिसाव्या हिश्श्याची. ती थेट वायुकोशांपर्यंत पोचते; तिथला दाह रक्तात उतरतो, धमन्यांच्या अस्तरात चरबीचे थर साचतात, रक्त लवकर गोठू लागतं. थर साचायला वर्षं लागतात. अमेरिकेतल्या सहा शहरांत आठ हजारांवर माणसांचा १४ ते १६ वर्षं माग काढला गेला. १९९३ साली निष्कर्ष आला की सर्वांत प्रदूषित शहरातला मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहराहून २६ टक्के जास्त होता.

कुणी म्हणेल, आपल्याकडे माणसं खर्ऱ्यातल्या तंबाखूने जातात, हवेला कशाला बोल? पण त्या २६ टक्क्यांत धूम्रपानाचा वाटा आधीच वेगळा काढलेला होता. शिवाय खर्रा सोडता येतो (निदान म्हणायला तरी), श्वास नाही. दुसरा आक्षेप जंगलाचा: गडचिरोलीत कारखान्यांच्या एवढ्या चिमण्या कुठे? चिमण्या नसतील, पण चुलीतलं ओलं सरपण आणि मोहफुलं वेचण्याआधी झाडाखाली पेटवलेला पालापाचोळाही असेच बारीक कण सोडतो. २०११ ते २०१३ दरम्यान गडचिरोलीच्या ८६ गावांतल्या मृत्यूंच्या नोंदीत पहिला क्रमांक पक्षाघाताचा लागला, सातांत एक. त्यामागे रक्तदाब आहे, तंबाखू आहे. म्हणून धूर निर्दोष ठरत नाही. आणि ‘हवा मर्यादेत आहे’ हा दिलासाही तपासून घ्यावा: या कणांची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून ५.