नकली मासळी, असली धंदा

मासेमारी दोन प्रकारची असते. एक पोटासाठी आणि दुसरी शौकासाठी. पोटासाठी मासे मारणारा माणूस एक जाळे घेतो आणि फाटले की दुरुस्त करून वर्षानुवर्षे वापरतो. शौकीन माणसाचे तसे नसते. त्याला दर मोसमाला नवी काठी, नवी दोरी आणि डबाभर नवे गळ लागतात. हा फरक व्यापाऱ्याने नीट ध्यानात ठेवावा. शौकाच्या मासेमारीत मासा थोडाच निघतो, पण सामान भरपूर विकले जाते.

या शौकाची एक शाखा गेल्या काही दशकांत बरीच वाढली आहे. कयाक नावाच्या एका माणसाच्या छोट्या होडीत बसून, खाडीच्या किंवा कालव्याच्या शांत पाण्यात, नकली मासळी फेकून मासा पकडायचा. या नकली मासळीला ‘ल्युअर’ म्हणतात. हे काम कसे चालते, त्यात कोणता माल लागतो आणि आपल्या कारागीर बांधवांना त्यात कुठे जागा आहे, ते या लेखात पाहू.

कालव्यांचे शहर

ही मासेमारी समजून घ्यायची तर ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातील गोल्ड कोस्ट शहर पाहावे. १९५० च्या दशकापासून तेथील दलदलीची जमीन खोदून कालवे काढले गेले आणि काठांवर घरे बांधली गेली. घराच्या मागच्या दारी रस्ता नाही, पाणी आहे. प्रत्येक घराची लहान जेटी आणि तिला बांधलेली बोट. हे कालवे नेरंग नदी आणि समुद्राशी जोडलेले असल्याने त्यांत भरती-ओहोटीचे खारे पाणी खेळते आणि त्याबरोबर मासेही येतात.

जेटीच्या खांबांना शिंपले लागतात, शिंपल्यांभोवती बारीक मासळी जमते आणि तिच्यावर टपून मोठा मासा सावलीत उभा राहतो. तिथे ब्रीम, वाळूत लपून बसणारा चपट्या डोक्याचा फ्लॅटहेड आणि ‘मॅन्ग्रोव्ह जॅक’ हे मासे मिळतात. हा मॅन्ग्रोव्ह जॅक म्हणजे आपल्याकडचा तांबोशी. इंजिनाची बोट जवळ गेली की तो खोल दडतो. कयाकला आवाज नाही, डिझेलचा खर्च नाही, आणि वीतभर पाण्यातही ती तरंगते. गाडीच्या टपावर बांधून न्यावी, कुठल्याही उतारावरून पाण्यात सोडावी. म्हणून कालव्यांत कयाकला तोड नाही.

कातड्याच्या होडीपासून प्लास्टिकपर्यंत

कयाक मूळची ध्रुव प्रदेशातील इन्युइट लोकांची शिकारीची होडी. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवत. कातडे शिवण्याचे काम बायका करीत आणि टाका असा घालीत की पाण्याचा थेंब आत येऊ नये. शिवण उसवली तर माणूस बर्फाच्या पाण्यात जाणार. तेव्हा त्या होडीची सारी भिस्त टाक्यावर होती.

आजची कयाक बहुतेक पॉलिथिनची असते. साच्यात प्लास्टिकची भुकटी भरायची, साचा भट्टीत ठेवून दोन दिशांनी फिरवत राहायचे, भुकटी वितळून आतल्या बाजूला सारखी बसते, मग थंड करून साचा उघडायचा. मधे जोड नाही. आपल्या छपरावरची पाण्याची टाकी याच पद्धतीने बनते. यात व्यापाराचा एक धडा आहे. कयाक आतून पोकळ असते आणि जहाजाचे भाडे अशा मालाला जागेच्या हिशेबाने लागते. परदेशातून आणलेल्या कयाकमध्ये निम्मे भाडे आपण हवेचे भरतो. टाकी बनवणाऱ्या कारखान्याकडे यंत्र तयारच असते, खर्च फक्त साच्याचा. तेव्हा हा माल आणण्यापेक्षा येथे बनवून घेण्याचा विचार आधी करावा.

१९९७ साली अमेरिकेच्या होबी कंपनीने पायाने चालणारी यंत्रणा आणली. होडीच्या तळाला दोन पंख, पायडल मारले की ते पेंग्विनच्या पंखांसारखे हलतात. हात मोकळे राहिल्यामुळे मासेमारांमध्ये कयाकची मागणी आणखी वाढली.

सुईवाल्यांचा गळ, गोफवाल्यांची दोरी

इंग्लंडमधील रेडिच हे गाव शिलाईच्या सुयांसाठी जगभर प्रसिद्ध होते. मासे पकडण्याचे गळही तेथेच बनू लागले. यात नवल नाही. तार ओढायची, टोक काढायचे, तापवून पाणी द्यायचे, हे हुनर एकच. सुई वाकवली की गळ झाला. एका कामाचा तजुर्बा दुसऱ्या बाजारात असा कामाला येतो.

दोरीची गोष्ट तर कापडाच्या धंद्यातील माणसाला जास्त जवळची. खाडीवर आजही नायलॉनचा एकेरी तंगूस चालतो. तो ताणला की लांबतो, म्हणून माशाने केलेला हलका स्पर्श हाताला कळत नाही. कयाकवाले गोफाची दोरी वापरतात. अतिशय मजबूत पॉलिथिनच्या बारीक तंतूंचे चार किंवा आठ पदर नाड्यासारखे गोफून ती बनते. आठ पदरांची दोरी जास्त गोल आणि गुळगुळीत असते, म्हणून काठीच्या कड्यांतून सरसर जाते. हा धागा नेदरलँड्समध्ये विकसित झाला आणि ‘डायनिमा’ या नावाने ओळखला जातो. तो पाण्यापेक्षा हलका आहे, जवळजवळ ताणतच नाही आणि वजनाच्या मानाने पोलादापेक्षा कितीतरी मजबूत आहे.

त्याचे तीन दोषही सांगितले पाहिजेत. त्याला रंग मुरत नाही, वरून बसवलेला रंग वापराने उडतो. म्हणून रंग फिका पडला की माल खोटा, असे समजू नये. दुसरे, तो कमी उष्णतेत वितळतो. तिसरे, तो खांबावरच्या शिंपल्यांना घासला की चटकन कापला जातो. त्यासाठी टोकाला हातभर-दोन हात जाड तंगूस बांधतात. दुकानदाराने दोरी विकताना हा तुकडा सोबत दिला नाही, तर गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी ल्युअर गमावते आणि पुन्हा दुकानात येत नाही.

चाकूने कोरलेले नशीब

नकली मासळीचा सर्वांत मोठा किस्सा फिनलंडचा आहे. लाउरी रापाला नावाचा गरीब मासेमार तळ्यावर जाळी आणि गळ टाकून कुटुंब पोसत असे. त्याने पाहिले की मोठा मासा घोळक्यातील नेमक्या त्या मासळीवर झडप घालतो, जी जखमी आहे आणि डुलत चालते. १९३६ साली त्याने बुचाचे लाकूड चाकूने कोरून एक मासळी बनवली. वर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून लाखेसारखा थर दिला. ती पाण्यात ओढली की जखमी मासळीसारखी डुलायची. १९६२ साली अमेरिकेच्या ‘लाइफ’ मासिकात तिच्यावर लेख आला आणि मागणी इतकी वाढली की घरगुती कारखान्याला माल पुरवणे कठीण झाले.

त्या माणसाजवळ भांडवल नव्हते. त्याच्याजवळ चाकू, नजर आणि एक सवय होती. प्रत्येक मासळी पाण्यात ओढून पाहिल्याशिवाय तो विकत नसे.

या मासळीचे गणित सोपे आहे. तोंडाखाली एक पारदर्शक पट्टी असते, तिला जीभ म्हणू. जीभ आखूड आणि उभी असेल तर मासळी वरच्या पाण्यात चालते. लांब आणि पुढे निघालेली असेल तर खोल जाते. मासळी डावीकडे पळत असेल तर नाकाची कडी किंचित उजवीकडे वाकवावी, उजवीकडे पळत असेल तर डावीकडे. लाकडाच्या मासळीखेरीज मऊ प्लास्टिकची मासळीही असते. ती शिशाचे डोके असलेल्या गळावर चढवून तळाशी उड्या मारत आणतात. फ्लॅटहेडसाठी ती चांगली.

पाणी ओळखणे

सामान कितीही भारी असले तरी भरती-ओहोटी कळली नाही तर हात रिकामेच. ओहोटी लागली की लहान ओढ्यांतील आणि कांदळवनातील पाणी ओसरते आणि लपलेली बारीक मासळी बाहेर ढकलली जाते. मोठा मासा ओढ्याच्या तोंडाशी वाट पाहत असतो. कयाक थोडी दूर थांबवून ल्युअर तोंडाच्या आत फेकावा आणि पाण्याच्या दिशेने बाहेर आणावा. जेटीजवळ तो सावलीच्या कडेला पडला पाहिजे. तांबोशीने पकडला की तो पहिल्या झटक्यात खांबाकडे पळतो. तिथेच त्याला रोखला तर आपला, नाहीतर दोरी तुटलीच.

जीव सांभाळण्याचे नियम मोजकेच आहेत, पण त्यांत सूट नाही. जाकीट अंगात घालावे, होडीत ठेवू नये. जाताना प्रवाहाविरुद्ध जावे, म्हणजे थकल्यावर पाणीच परत आणते. नांगर पुढच्या किंवा मागच्या टोकाला बांधावा. बाजूला बांधला तर प्रवाह होडी उलटवतो. वारा आणि ओहोटी समोरासमोर आले की शांत खाडीतही लाटा उठतात, तेव्हा काठ धरावा. खाडीचे तोंड आणि पावसाळा, दोन्ही टाळावे.

आपल्या खाडीचा हिशेब

गोल्ड कोस्टची गोष्ट कोकणाला जशीच्या तशी लागू होत नाही. मुंबईकडे उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढते-उतरते, गोल्ड कोस्टला त्याच्या निम्मेही नाही. आपल्या खाडीत ओहोटीला कयाक चिखलात बसली तर पुढची भरती येईपर्यंत माणूस तिथेच अडकतो. चिखलात उतरून चालायला जाणे म्हणजे कमरेपर्यंत रुतणे. म्हणून भांगाचे दिवस निवडावेत. चिपळूणची वाशिष्ठी आणि महाडची सावित्री यांत मगरी आहेत, तेथे हा शौक नको.

मासा मात्र आपलाच आहे. ऑस्ट्रेलियात ज्या बारामुंडीसाठी लोक हजारो मैलांवरून येतात, तो आपला जिताडा. हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे सर्वांत मोठे जिताडे बहुतेक माद्या, आणि लाखो अंडी त्यांच्याच पोटात. म्हणून क्वीन्सलँडमध्ये ५८ सेंटिमीटरहून लहान आणि १२० सेंटिमीटरहून मोठा बारामुंडी ठेवता येत नाही, पाण्यात सोडावा लागतो. शौक करणाऱ्याने हा नियम येथेही स्वतःला लावून घ्यावा. ज्यांचे पोट खाडीवर आहे त्यांच्या वाट्याची मासळी हौसेपायी संपवणे बरे नव्हे. गावातील मासेमारांना विचारून, त्यांची जाळी सोडून, बाजूने जावे. मत्स्यव्यवसाय खात्याकडे स्थानिक नियमांची चौकशी आधी करावी.

कोणी काय करावे

लाकडाचे काम करणाऱ्यांनी हलक्या लाकडाची मासळी कोरून पाहावी. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी पूर्वापार वापरला जाणारा पांगारा वजनाला हलका आहे. रंग आणि लाखेचे हुनर आपल्याकडे आहेच. पण विकण्याआधी हौदात ओढून पाहावे. सरळ न चालणारी मासळी खेळणे म्हणून विकावी, ल्युअर म्हणून नव्हे.

शिलाई करणाऱ्यांना जागा जास्त आहे. काठीच्या लांब पिशव्या, ल्युअर ठेवायच्या कप्प्यांच्या गुंडाळ्या, जाळीचे खिसे, उन्हासाठी पूर्ण बाह्यांचे सदरे, हा सारा माल लहान कारखान्यात होतो. फक्त खाऱ्या पाण्याला जुन्या सवयी चालत नाहीत. आमच्याकडून एकदा खाडीवरच्या गिऱ्हाइकाला सुती दोऱ्याने शिवलेल्या कॅनव्हासच्या पिशव्या गेल्या. कापड शाबूत राहिले आणि एका पावसाळ्यात शिवण उसवली. धातूच्या चेन मिठाने जाम झाल्या. सारा माल परत घ्यावा लागला. तेव्हापासून शिकलो की दोरा पॉलिस्टरचा हवा, कारण तो उन्हाला नायलॉनपेक्षा जास्त टिकतो आणि पाणी कमी पितो. चेन प्लास्टिकच्या दात्यांची, डोळे पितळेचे, आणि पाणी निथळायला तळाशी जाळी.

जीवरक्षक जाकिटाला मात्र प्रमाणपत्राशिवाय हात लावू नये. त्यात स्वस्त फोम भरून चार पैसे वाचतील, पण एखाद्याचा मुलगा बुडेल.

सामान आणणाऱ्या व्यापाऱ्याने जकातीचे दोन क्रमांक लिहून ठेवावेत. गळ, काठी आणि मासेमारीचे सामान ९५०७, कयाक ८९०३. या क्रमांकांवर आज किती कर आहे ते आपल्या कर सल्लागाराला विचारूनच भाव काढावा. पहिली खेप लहान ठेवावी. दोरी, तंगूस, गळ आणि मऊ प्लास्टिक संपते आणि पुन्हा विकले जाते. भारी काठ्या आणि होड्या पडून राहतात. आणि नामांकित कंपनीचा शिक्का मारलेला डुप्लिकेट माल कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. मोठा मासा त्याच्या गळाला लागला की गळ सरळ होतो, आणि शौकीन माणूस ती हकीकत पन्नास जणांना सांगतो.

फिनलंडच्या त्या मासेमाराने माल विकण्याआधी पाण्यात ओढून पाहिला, एवढेच त्याचे भांडवल होते. आपला माल, पिशवी असो की मासळी, आधी खाऱ्या पाण्यात एक महिना ठेवून पाहावा. टिकला तर बाजारात न्यावा.