फाइल हरवली नव्हती, पत्ता चुकला होता

कर्वेनगरात आमच्या शेजारी राहणारी दहावीतली एक मुलगी गेल्या वर्षी हिरमुसल्या चेहऱ्याने माझ्याकडे आली. लंबकाच्या दोलनकालाच्या नोंदी वाचून त्यांचा आलेख काढणारा प्रोग्राम तिने पायथन भाषेत लिहिला होता. घरी तो बिनचूक चालला. शाळेच्या संगणकावर मात्र ‘फाइल सापडत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. विज्ञान प्रदर्शन दुसऱ्या दिवशी होते. नोंदींची फाइल तर तिने प्रोग्रामबरोबरच नेली होती. मग ती सापडेना का?

यासाठी आधी टपालाचा पत्ता पाहू. कर्वेनगरचा पिन कोड ४११०५२. टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. (वेलणकर संस्कृतातले कवीही होते!) पहिला अंक ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा विभाग दाखवतो, ४११ म्हटले की पुणे, उरलेले ०५२ हे तिथले टपाल कार्यालय. म्हणजे वाटचाल मोठ्याकडून लहानाकडे. पाकिटावर मात्र आपण उलट, घर क्रमांकापासून सुरुवात करतो.

संगणकातील फाइलचा पत्ता, म्हणजे ‘पाथ’, पिन कोडच्याच दिशेने चालतो. त्या मुलीच्या प्रोग्राममध्ये पत्ता होता: सी:\यूजर्स\आई\लंबक\नोंदी. सी या डिस्कवर यूजर्स हा फोल्डर, त्यात ‘आई’, त्यात ‘लंबक’ आणि त्यात ती फाइल. घरचा संगणक आईचा, म्हणून ते नाव. शाळेच्या संगणकावर ‘आई’ कुठून असणार? वाट तिथेच खुंटली. आपला पोस्टमन शेजारी चौकशी तरी करतो. संगणक तेवढेही करत नाही.

मुळापासून सांगितलेला हा झाला संपूर्ण पत्ता. दुसरा प्रकार सापेक्ष पत्त्याचा. ‘इथून दुसरी गल्ली’ हे वाक्य बोलणारा कुठे उभा आहे त्यावर अवलंबून असते; वेगही कशाच्या सापेक्ष ते सांगावे लागतेच की! प्रोग्राममध्ये नुसते फाइलचे नाव लिहिले, तर संगणक ती ‘चालू फोल्डर’मध्ये पाहतो. एक लक्षात ठेवा: चालू फोल्डर म्हणजे प्रोग्राम जिथे ठेवला आहे तो नव्हे, तर प्रोग्राम सुरू करताना आपण जिथे उभे होतो तो. इथे पुष्कळजण फसतात. दोन टिंबे (..) लिहिली की एक पायरी वर जाता येते.

आम्ही पत्ता सापेक्ष केला. सकाळी शाळेतून फोन आला, नवीच अडचण! आज्ञेच्या काळ्या खिडकीत ‘पायथन’ असे टाइप केले, तर संगणक म्हणतो, ही आज्ञा मला माहीत नाही. पायथन तर बसवलेले होते.

नुसते नाव दिले की विंडोजची ही खिडकी आधी चालू फोल्डर पाहते, मग एका यादीतील फोल्डर क्रमाने. या यादीचे नावही ‘पाथ’च. ती एक पर्यावरण चल आहे: प्रोग्रामच्या बाहेर ठेवलेली, पण त्याला वाचता येणारी नोंद. युनिक्समध्ये अशा चलांची सोय १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून आहे. यादीत पायथनचा फोल्डर नव्हता, म्हणून शोध निष्फळ.

मी सांगितले, तो फोल्डर यादीच्या शेवटी जोड. जुनी यादी मुळीच पुसू नकोस, नाहीतर इतर आज्ञाही सापडेनाशा होतील. तिने तसे केले. तरी तोच नकार! कारण प्रत्येक प्रोग्रामला सुरू होतानाच आपल्या जनकाकडून या चलांची एक प्रत मिळते. नंतर मूळ यादी बदलली, तरी आधीच उघडलेल्या खिडकीजवळ जुनीच प्रत राहते. खिडकी बंद करून नवी उघडली आणि आलेख पडद्यावर आला.

तुम्हीही करून पाहा. विंडोजच्या त्या खिडकीत ‘इको’, मग जागा सोडून दोन टक्केचिन्हांच्या मध्ये ‘पाथ’ असे इंग्रजी अक्षरांत टाइप करा. अर्धविरामांनी वेगळे केलेले पत्ते दिसतील. त्यांतील प्रत्येक फोल्डर तुमच्या संगणकावर खरोखर आहे का, ते तपासा. काढून टाकलेल्या एखाद्या प्रोग्रामचा जुना पत्ता तिथे अजून आढळेल.