बिऱ्हाड हलवितांना

भाड्याचें घर सोडण्यापूर्वीं सामानाची यादी करावी, हा गृहस्थाश्रमांतील जुनाच धडा. मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर तो आम्हांस नव्यानें गिरवावा लागला.

२०१६ सालीं सुरू झालेल्या या माध्यमास एक धनी नाहीं. अनेक स्वतंत्र सर्व्हर आपापल्या नियमांनीं चालतात. तरी एका सर्व्हरवरील मनुष्य दुसऱ्यावरील मनुष्याशीं सहज संवाद करितो. आमचा सर्व्हर चालविणाऱ्या गृहस्थांनीं, खर्च झेपत नसल्यामुळें, तो तीन महिन्यांनीं बंद होईल असें कळविलें. आम्ही दुसरीकडे खातें उघडलें, तेथें जुन्या खात्याचा पत्ता नोंदविला, आणि मग जुन्या खात्यांतून स्थलांतराची आज्ञा दिली. आमचे अनुयायी हळूहळू आपोआप नव्या पत्त्याशीं जोडले गेले. आम्ही ज्यांचें लेखन वाचतों त्यांची यादी मात्र फाइल उतरवून नव्या खात्यांत भरावी लागली.

परंतु आमचें लेखन बरोबर आलें नाहीं. रोज एक सुभाषित अर्थासह लिहावयाचें, नातवंडांस पुढें वाचावयास मिळावें, असा दोन वर्षांचा नेम होता. लेखनाची प्रत मागून घेतां येते. ती नव्या खात्यांत घालतां येत नाहीं, तरी घरीं राहते. आम्ही तें काम उद्यांवर टाकीत राहिलों, आणि सर्व्हर बंद झाला.

ही प्रत दर सात दिवसांनीं मागतां येते. वाचकांनीं निदान महिन्यांतून एकदां ती घ्यावी. स्थलांतर व प्रत हीं दोन्ही जुना सर्व्हर चालू आहे तोंवरच साधतात.